एका घरातील दोन संगणक

परगावच्या आप्तेष्टांना छायाचित्र पाठविणे ही आता कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. गाझियाबादेत काढलेले छायाचित्र सांगलीला आणि सांगलीचे थेट कॅलिफोर्नियाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जाऊन पोहोचते. परंतु तेच छायाचित्र बैठकीच्या खोलीतील संगणकावरून आतल्या खोलीतील संगणकावर न्यावयाचे म्हटले, की भल्या सुशिक्षित घरातही खोळंबा होतो. अखेर घरातली मंडळी काय करतात, तर ते छायाचित्र ई-मेलने पाठवितात. ते दूर कोठल्यातरी परदेशातील यंत्रात जाऊन परत येते आणि वीस पावलांवरच्या खोलीत उतरते. हे असे का व्हावे, आणि झाले असता कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

विचार केला तर यात विसंगती काही नाही. दूरच्या प्रवासात मध्ये एक तिसरा असतो. पाठविणारा त्याच्याकडे जातो, घेणाराही त्याच्याकडेच जातो. दोघांची परस्परांशी गाठ पडावी लागतच नाही. घरातल्या घरात हा मध्यस्थ नसतो. येथे एका संगणकाने दुकान मांडून बसावयाचे आणि दुसऱ्याने त्याचा पत्ता काढीत, ओळख देत त्याच्या दारी जावयाचे, असा व्यवहार असतो. पत्ता, ओळख, परवानगी या साऱ्या गोष्टी मग आपल्यालाच सांभाळाव्या लागतात, आणि त्या आपल्याला कोणी शिकविलेल्या नसतात.

या व्यवहाराची भाषा जुनी आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीत बॅरी फायगेनबाउम या अभियंत्याने ती घडविली. 'सर्व्हर मेसेज ब्लॉक' हे तिचे पुढे रूढ झालेले नाव. लोक तिला एस. एम. बी. म्हणतात. ती घडली ती एका कचेरीतल्या, एकाच तारेवर बसलेल्या, परस्परांच्या ओळखीच्या यंत्रांसाठी. कोणाला कोणाचा शोध घ्यावयाचा असेल तर तो सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारी, आणि ज्याचे नाव असेल तो 'ओ' देई. नावही पंधरा अक्षरांपलीकडे जाऊ नये, असा दंडक होता. आजही विंडोज आपल्या नव्या संगणकाचे बारसे 'डेस्कटॉप', मग एक आडवी रेघ आणि पुढे सात निरर्थक अक्षरे व आकडे, असे करते. ती इंग्रजी अक्षरे मोजून पाहिली तर बरोबर पंधरा भरतात. चाळीस वर्षांपूर्वीचा दंडक असा आजच्या घरात नांदत असतो. माझी विनंती अशी, की हे नाव बदलून 'आजोबा', 'बैठक' असे काही सोपे नाव इंग्रजी लिपीत द्यावे. पुढच्या शोधाचे अर्धे काम तेथेच हलके होते.

या भाषेविषयी आणखी एक हकीकत सांगतो. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याला आपल्या यंत्राची दुसऱ्या जातीच्या यंत्राशी गाठ घालून द्यावयाची होती. भाषेचे व्याकरण त्याच्यापाशी नव्हते. त्याने दोन यंत्रांमधील तारेवरून काय काय जाते, ते नुसते टिपून घेतले. कोणता प्रश्न आला, कोणते उत्तर गेले, ते पाहत पाहत ती भाषा वाचली. त्यातून पुढे 'सांबा' ही आज्ञावली उभी राहिली, आणि आज जगातील असंख्य साठवण-पेट्या तिच्याच बळावर विंडोजशी बोलतात. हे नावही त्याने गंमतीने शोधले होते: एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने ज्यात येतात असे शब्द त्याने संगणकाकडून शब्दकोशात हुडकून घेतले, त्यांत हा नृत्याचा शब्द सापडला. मला या हकीकतीत महत्त्वाची वाटते ती त्याची रीत. काही बदलण्यापूर्वी त्याने पाहिले. आपल्या घरात पुष्कळदा याच्या उलट घडते.

माझ्या परिचयाचे एक मराठी कुटुंब गाझियाबादेतील इंदिरापुरम या वस्तीत सातव्या मजल्यावर राहते. दिल्लीचे काम आणि गाझियाबादचे घर, हा तिकडील हजारो कुटुंबांचा क्रम आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना, साहिबाबादची सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स आणि शेजारच्या नोएडातील कचेऱ्या यांच्या निमित्ताने मराठी माणसेही तेथे पांगलेली आहेत. या कुटुंबातील आजोबा निवृत्तीनंतर सांगलीहून मुलाकडे आले, ते आपला जुना संगणक बरोबर घेऊन. त्यावर विंडोज एक्सपी आहे. त्याच यंत्रात आजींच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या होत्या. आजी आज नाहीत, आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. जुनी तबकडी आता कुरकुरू लागली आहे, हे आजोबांनी कानाने ओळखले. सुनेच्या नव्या लॅपटॉपवर ओव्यांची प्रत करून घ्यावी, एवढेच काम होते.

ते होईना. मग एक जाणकार गृहस्थ आले आणि त्यांनी अशा प्रसंगी सर्रास केले जाणारे तिन्ही उपाय केले. घरातील साऱ्या यंत्रांची फायरवॉल बंद केली. फोल्डरांवर 'सर्वांना सर्व अधिकार' असा शेरा मारला. आणि नव्या यंत्रांवर त्या भाषेची पहिली, जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली. तरीही ओव्या जागच्या हलल्या नाहीत. आठ दिवस घराची सारी दारे सताड उघडी, आणि आत येणारा मात्र कोणी नाही, अशी स्थिती होती. याचे कारण दारात नव्हतेच. ते रस्त्यात होते.

इंदिरापुरमातील घरे म्हणजे काँक्रीटच्या जाड भिंती आणि लांबट रचना. बैठकीच्या खोलीत इंटरनेट कंपनीची पेटी बसविलेली असते. तिचे वायफाय शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून घरमालक बाजारातून दुसरा राउटर आणतो, पहिल्या पेटीतून तार ओढून त्याला जोडतो, आणि आतल्या खोलीत इंटरनेट उत्तम चालू लागते. सर्वांना वाटते, घरात एकच जाळे आहे. पुष्कळदा दोन्ही वायफायांची नावेही एकच ठेवलेली असतात. वस्तुतः तेथे दोन जाळी झालेली असतात, आणि मधल्या राउटरवर दिंडी दरवाजा असतो. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सोडतो. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याला, आतल्या कोणी बोलाविल्याखेरीज, सोडीत नाही.

हे ओळखावयाचे कसे? प्रत्येक यंत्राला जाळ्यावर एक पत्ता असतो, चार आकड्यांचा, मध्ये टिंबे दिलेला. घरगुती पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात, कारण ते आकडे खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. तेच पत्ते आपल्याकडे आणि शेजाऱ्याकडेही सुखाने नांदतात. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत लिहिला की पत्ता समोर येतो. दोन्ही यंत्रांचे पत्ते कागदावर टिपावे. पहिले तीन आकडे जुळत असतील तर यंत्रे सामान्यतः एकाच आळीत आहेत. या घरात मुलाचा लॅपटॉप बैठकीच्या पेटीवर होता, त्याचा तिसरा आकडा १. सुनेचा लॅपटॉप आतल्या राउटरवर, तिचा तिसरा आकडा शून्य. मौजेची गोष्ट अशी, की सूनबाईंना मुलाच्या यंत्रावरचा फोल्डर पत्ता टाकून उघडता येत असे, पण मुलाला त्यांचा कधीच दिसत नसे. यावरून घरात एक प्रेमळ वादही झाला होता, की तुम्हीच काहीतरी कुलूप लावले आहे. ही एकतर्फी वाट हीच खरे म्हणजे दोन राउटरांची खूण. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही.

उपाय अवघड नाही. आतल्या राउटरच्या व्यवस्थेत 'ॲक्सेस पॉइंट' असा एक प्रकार असतो. तो निवडला म्हणजे तो राउटर स्वतंत्र आळी वसविणे सोडून देतो आणि पहिल्याच आळीचा दिवा लांबवर नेतो. सारी यंत्रे मग एकाच पेटीकडून पत्ते घेतात. ज्याच्या राउटरात ही सोय नसेल, त्याने त्याची पत्तेवाटप बंद करावी, त्याला पहिल्या आळीतील एक मोकळा पत्ता द्यावा, आणि पहिल्या पेटीची तार इंटरनेटच्या खोबणीऐवजी साध्या खोबणीत खुपसावी. पाहुण्यांसाठी म्हणून जे वेगळे वायफाय असते, त्यावर मात्र घरचे यंत्र जोडू नये. ते मुद्दामच असे केलेले असते, की त्यावरील यंत्रांनी एकमेकांकडे पाहू नये.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही लॅपटॉप एका आळीत आले. तरीही 'नेटवर्क' या शीर्षकाखालील यादी रिकामीच होती, आणि घरात पुन्हा निराशा पसरली. या यादीवर माणसे फार विसंबतात. पूर्वी प्रत्येक आळीत एक यंत्र आपण होऊन यादी ठेवण्याचे काम पत्करी आणि बाकीची त्याला विचारीत. नव्या विंडोजमध्ये ती रीत मागे पडली. आता ज्या यंत्राला दिसावयाचे असेल त्याने स्वतःच आपल्या असण्याची घोषणा करावयाची असते, आणि घोषणा करणारी ती सेवा कित्येकदा निजलेली असते. सेवांच्या यादीत 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' अशा लांबलचक नावाची जी आहे, ती आपोआप सुरू होईल असे करून ठेवावे. परंतु यादीत नाव नाही म्हणून मनुष्य घरात नाही, असे होत नाही. पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा काढून पुढे यंत्राचे नाव लिहावे. नावाने दार उघडले नाही तर त्याच रेघांपुढे आकड्यांचा पत्ता लिहावा. आकड्याने उघडले आणि नावाने नाही, तर दोष नावात आहे, हे सिद्ध झाले. दोन्हींनी उघडले नाही, तर रस्ता किंवा पहारा तपासावा. एका मिनिटाच्या या परीक्षेने शोध कोणत्या बाजूला न्यावयाचा ते कळते, आणि ती न करता लोक तासन् तास भलतीकडे खपतात.

पहाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. विंडोज प्रत्येक जाळ्याला 'खासगी' किंवा 'सार्वजनिक' असे मानते. नवे जाळे ते सार्वजनिक धरते. म्हणजे रेल्वे स्थानकावर किंवा उपाहारगृहात बसल्यासारखे वागते, आणि कोणाला आपल्याकडे फिरकू देत नाही. घरी राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने जाळे नवे होते, आणि काल चालणारे आज बंद पडते. येथे फायरवॉल बंद करण्याचे काहीएक कारण नसते. आपल्या घरच्या जाळ्यापुढे 'खासगी' हा पर्याय निवडावा आणि फाईली सामायिक करण्याची मुभा द्यावी, इतके पुरते. 'पिंग' या आज्ञेने उत्तर आले नाही तरी लगेच निराश होऊ नये. पहारेकरी ती हाक मुद्दाम कानाआड करीत असतो. आणि पलीकडचा लॅपटॉप झाकण मिटून निजला नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे. सांगावयास संकोच वाटतो, पण कित्येकदा आजार एवढाच असतो.

रस्ता झाला, नाव सापडले, पहारेकऱ्याने वाट दिली. मग यंत्र विचारते, आपण कोण? येथे हल्ली एक नवीच फसगत होते. रोज सकाळी आपण चार आकड्यांचा पिन टाकून संगणक उघडतो. तोच पिन पलीकडच्या यंत्रापुढे टाकला, की ते म्हणते, परवलीचा शब्द चुकला. पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून जाताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो खाते उघडले त्या दिवसानंतर कोणी टाकलेला नसतो, म्हणून आठवत नाही. दुसऱ्या कित्येक घरांत पासवर्डच ठेवलेला नसतो. यंत्रापुढे बसणाऱ्याला विंडोज तसे चालू देते; जाळ्यावरून येणाऱ्याला मात्र रिकाम्या पासवर्डाने आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते सर्वांत स्वच्छ मार्ग असा, की ज्या यंत्रावर फाईली ठेवावयाच्या, त्यावर घरासाठी म्हणून एक साधे वेगळे खाते काढावे, त्याला नीट पासवर्ड द्यावा, आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवावा. फोल्डरावर दोन कुलपे असतात: एक जाळ्यावरून येणाऱ्यासाठी, एक तबकडीवरील फाईलींचे. दोहोंतील जे अधिक कडक ते लागू होते. दोन्हीकडे या एका खात्याला हवा तेवढाच अधिकार द्यावा. 'सर्वांना सर्व' असे लिहिण्याची गरज पडत नाही.

आता आजोबांच्या यंत्राकडे येतो, कारण ओव्या अद्याप तेथेच होत्या. दोन्ही नवी यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, पण एक्सपीशी त्यांचे जमेना. एक्सपीला एस. एम. बी. ची पहिली आवृत्तीच तेवढी येते, आणि नवी विंडोज ती बोलावयास आपण होऊन राजी नसते. जाणकार गृहस्थांनी ती चालू करून ठेवली होती, हे मघाशी सांगितले. ती बंद करा, असा आग्रह मी धरला, आणि त्यामागचा इतिहास त्या कुटुंबाला सांगितला.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभर थैमान घातले. ती या जुन्या आवृत्तीतील एका दोषातून यंत्रात शिरे, तेथील फाईलींना कुलूप घाली, खंडणी मागे, आणि त्याच जाळ्यावरील पुढच्या यंत्राकडे आपली आपण जाई. कोणी काही उघडावे लागत नसे. दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक यंत्रे तिने गाठली. इंग्लंडातील कित्येक सरकारी रुग्णालयांत ठरलेले उपचार पुढे ढकलावे लागले. दोष बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. एक्सपीला तर ती तोवर सरसकट मिळालेलीही नव्हती, कारण त्या विंडोजची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. वॉनाक्रायनंतर कंपनीने अपवाद म्हणून ती दिली. त्याच वर्षी २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आली. तिचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीत होता, पण जाळ्यात शिरल्यावर ती याच दोषाचा, आणि यंत्रात सापडलेल्या पासवर्डांचा, उपयोग करून पसरे. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रे तिने निकामी केली, आणि तिचा परिणाम आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत आला: तेथील, मर्स्क समूहाकडे असलेल्या धक्क्यावरचे काम ठप्प झाले. कोठे युक्रेनमधील हिशेबाची वही, आणि कोठे उरणच्या किनाऱ्यावर अडलेले कंटेनर! त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोजमध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच बंद ठेवून येऊ लागली.

तेव्हा नवा संगणक जुन्याशी बोलण्याचे नाकारतो, तो त्याचा बिघाड नसतो. आठ दिवस त्या घरातील साऱ्या फाईली, मुलाच्या कचेरीचे कागद आणि नातीचा अभ्यास धरून, एका उघड्या दारामागे होत्या. आणि हे सारे ज्या ओव्यांसाठी, त्याही त्याच धोक्यात होत्या. आजोबांना हे पटावयास वेळ लागला नाही. ते म्हणाले, "मग त्याला जाळ्यातूनच काढा. आपण ओव्या हाताने नेऊ."

तसेच केले. एक्सपीची तार काढली. एक पेनड्राइव्ह जुन्या 'फॅट ३२' पद्धतीने तयार केला, कारण 'एक्सफॅट' ही नवी पद्धत त्या यंत्राला दुरुस्तीवाचून वाचता येत नाही. या जुन्या पद्धतीत एक फाईल चार गिगाबाइटपेक्षा मोठी चालत नाही. ओव्यांच्या फाईली लहान होत्या. दोन खेपांत काम झाले. पेनड्राइव्ह नव्या यंत्रात घातल्यावर आधी विषाणूंची तपासणी केली, मग फाईलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवून पाहिले, आणि चार-दोन ओव्या आरंभापासून शेवटापर्यंत ऐकल्या. हे ऐकणे तपासणीसाठी होते. पण तेवढा वेळ कोणी बोलले नाही.

यानंतर सूनबाईंच्या यंत्रावर सामायिक फोल्डर झाला आणि मुलाच्या यंत्रावर त्याची प्रत राहू लागली. राउटरमध्ये दोन्ही यंत्रांचे पत्ते कायमचे राखून ठेवले, म्हणजे वीज जाऊन आल्यावर आकडे बदलू नयेत. मग एक अगदी आपल्या लिपीचा घोटाळा निघाला. मुलाने आणि नातीने आपापल्या परीने छायाचित्रांसाठी 'गाज़ियाबाद' या नावाचे फोल्डर केले, नुक्ता देऊन, हिंदी पद्धतीने. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर दिसू लागले, आणि छायाचित्रे निम्मी एकात, निम्मी दुसऱ्यात. एकाच नावाचे दोन फोल्डर विंडोज ठेवू देत नाही, मग हे कसे? नुक्त्याचा ज़ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो: एकसंध एक अक्षर म्हणून, किंवा ज लिहून त्याला नुक्त्याचे चिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. आणि कोणता कळफलक कोणता प्रकार लिहील, ते लिहिणाऱ्याला कळत नाही. आपल्या 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील ऱ चीही हीच कथा आहे. ॲपलच्या जुन्या तबकड्यांवरून आलेल्या फाईलींत तो र आणि नुक्ता असा फुटून येतो, आणि शोधले असता नाव सापडत नाही.

दोन फोल्डरांतील छायाचित्रे एकत्र केली. नव्या फोल्डराला नाव काय द्यावे, याचा निर्णय आजोबांनी दिला: मराठीत 'गाझियाबाद' लिहावयाचे, झ काढून. झ ला नुक्ता लागत नाही.